ऐंशी-दोनशे

माझ्या पिशवीत सोनीची एक आधुनिक मिररलेस बॉडी असते, आणि तिच्यावर बहुतेक वेळा निकॉनची ८०-२०० मि.मी., एफ ४.५ ही झूम लेन्स चढवलेली असते. १९७७ साली निकॉननं आपल्या लेन्सच्या माउंटमध्ये बदल केला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही लेन्स. तिच्यात मोटर नाही, चिप नाही, कॅमेऱ्याला काही कळवणारा एकही विजेचा बिंदू नाही. अपर्चरची कडी हातानं फिरवायची. फोकस आणि झूम या दोन्हींसाठी मिळून एकच रुंद रबरी कडी आहे. ती फिरवली की फोकस बदलतो, पुढे-मागे सरकवली की झूम. वजन पाऊण किलोच्या घरात.

नवी का घेत नाहीस, असं लोक विचारतात. सुरुवातीला पैशाचा प्रश्न होता. आता तो नाही. लग्नाच्या आणि संस्थांच्या कामासाठी माझ्याकडे ऑटोफोकसच्या लेन्स आहेत आणि तिथं मी त्याच वापरतो. ज्यानं पैसे मोजलेत त्याच्या मुलीच्या अंतरपाटाचा क्षण हाताच्या अंदाजावर सोडणं मला पटत नाही. पण कोल्हापुरातल्या तालमी, वारीतलं रिंगण, तळकोकणातला दशावतार, हे जे मी स्वतःच्या ओढीनं वर्षानुवर्षं टिपत आलो, ते बहुतेक सगळं या लेन्सवर झालंय. ही लेन्स विषयाच्या मागे धावत नाही. त्यामुळे विषय कुठे येणार हे मला आधी कळावं लागतं. आणि ते कळायचं, तर ज्यांना ते कळतं त्यांच्याजवळ जाऊन बसावं लागतं. या सगळ्या वर्षांत मी जे शिकलो त्याचा गाभा हा आहे.

झूम लेन्सकडे फोटोग्राफर फार काळ संशयानं बघत. ३५ मि.मी. फिल्मच्या स्टिल कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली १९५९ साली, फोक्टलेंडरची ३६-८२ मि.मी.ची झूमार. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. ती भरपूर खपली आणि तिला नावंही भरपूर ठेवली गेली. काच आणि हवा जिथं भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून, त्यावर लेप नसेल तर, साधारण चार टक्के प्रकाश मागे फिरतो. झूममध्ये डझनभर काचा असतात. हा फिरलेला प्रकाश आतल्या आत घुमत राहतो आणि चित्रावर धुरकट पडदा धरतो. सत्तरच्या दशकात बहुपदरी लेप रुळले, काचांची गणितं संगणकावर होऊ लागली, तेव्हा कुठे वृत्तपत्रवाले झूम विश्वासानं वापरू लागले. माझी लेन्स त्या बदलाच्या काळातली आहे.

माझ्याकडे ती आली एका निवृत्त वृत्तपत्र-छायाचित्रकाराकडून. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी ती हातात दिली तेव्हा अपर्चरच्या कडीवरचा काळा रंग बोटांच्या जागी पुसून आतला धातू चमकत होता. फिल्मच्या दिवसांत तिनं त्यांना काय छळलं तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक दुभंगलेलं वर्तुळ होतं. दोन्ही अर्धी जुळली की फोकस लागला. एफ ४.५ च्या लेन्सवर, डोळा जरा हलला की त्यातलं एक अर्धं काळं पडायचं. संध्याकाळी ते वर्तुळ जवळपास निरुपयोगी व्हायचं. चारशेची फिल्म सोळाशेवर ओढून धुवायची आणि दाणेदार चित्रावर समाधान मानायचं. ते म्हणाले, "लेन्स चांगलीच होती रे, पण आम्हाला तिच्यातून दिसायचंच नाही."

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. आजच्या बॉडीवर या लेन्सला तिच्या काळात कधीच न मिळालेली दृष्टी मिळते. अंधारात कॅमेरा चित्र उजळून दाखवतो. एक बटण दाबलं की चौकटीचा छोटा भाग कितीतरी पट मोठा होतो आणि पापणीचे केस दिसतात. ६४०० आयएसओवर काम निभतं. बॉडीतला सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर शोषतो. हे सगळं तिच्या कर्त्यांच्या कल्पनेपलीकडचं असणार. जुन्या लेन्सची जादू, तिचा आत्मा वगैरे बोललं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. माझी ८०-२०० आजच्या लेन्सपेक्षा कमी कॉन्ट्रास्ट देते, अपर्चर पूर्ण उघडं असताना पांढऱ्या फेट्याच्या कडेला जांभळी किनार उमटते, सूर्य समोर आला की चित्र फिकं पडतं. तिचा एक गुण मात्र मला रोज उपयोगी पडतो. ८० पासून २०० पर्यंत एफ ४.५ हे एफ ४.५ च राहतं, झूम केल्यावर प्रकाशाचा हिशेब पुन्हा मांडावा लागत नाही.

कॅमेऱ्याला ती दिसतच नाही, म्हणून आधी मेनूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू द्यावं असं सांगावं लागतं. फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ आणि अपर्चरच्या जागा कोऱ्या राहतात. मी एक वही ठेवली. सुरुवातीला फक्त आकडे लिहायचो, मग कुठे उभा होतो ते, मग कोण काय म्हणालं ते. पुढे ही वही फोटोंइतकीच कामाची झाली. सेन्सरनं हाताची थरथर शोषावी म्हणून फोकल लेंग्थ हातानं भरावी लागते, आणि झूममध्ये ती सारखी बदलते. भरलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा असेल तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो आणि चित्र उलट हलतं. लहान असेल तर दुरुस्ती थोडी कमी पडते, एवढंच. म्हणून मी नेहमी लहानाकडे झुकतो.

पहिला खरा अडथळा निघाला अ‍ॅडॉप्टरमध्ये. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मि.मी. आहे, सोनीच्या बॉडीत ते १८ मि.मी. मधली २८.५ मि.मी.ची जागा अ‍ॅडॉप्टरनं भरायची. त्यात काच नसते, फक्त धातूची पोकळ नळी. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे लेन्स अनंतापर्यंत पोचेल याची खात्री राहते. एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सला त्यानं काही बिघडत नाही, फक्त अंतराचे आकडे चुकतात. चांगल्या झूमचा मोठा गुण हा की २०० वर फोकस लावून ८० वर आलं तरी फोकस जागचा हलत नाही. अ‍ॅडॉप्टर पातळ असेल तर नेमका तोच गुण जातो. २०० वर धारदार असलेला पैलवान ८० वर येईपर्यंत मऊ होतो. मी कितीतरी दिवस लेन्सलाच दोष देत होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडे मी ते अ‍ॅडॉप्टर घेऊन गेलो. मोटारीचे सुटे भाग, इंजिनांची कास्टिंग, असलं काम त्यांच्याकडे चालतं. त्यांनी मायक्रोमीटर काढला, चार जागी माप घेतलं आणि म्हणाले, "कागदाच्या जाडीचा फरक हाय. पण हाय." अ‍ॅडॉप्टरची पुढची तबकडी उघडून तिच्याखाली पितळी पत्र्याची बारीक चकती कापून बसवली. बाहेर येऊन मी समोरच्या गल्लीच्या टोकाच्या पाटीवर २०० ला फोकस लावला आणि ८० ला आलो. अक्षरं जागच्या जागी होती. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, लेन्स मात्र बराच वेळ हातात धरून तिची कडी सरकवत राहिले. इतकं गुळगुळीत आणि तरीही ढिलं नसलेलं काम करायला काय लागतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता तालमीबद्दल. आखाड्याला आमच्याकडे हौदा म्हणतात. लाल माती, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मुरवलेली. खिडक्या लहान, उजेड कमी, पहाटेचा सराव. खासबाग मैदान शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली बांधलं गेलं. तिथं कुस्त्या असल्या की गर्दी, हलगी, घोषणा असं सगळं असतं. पण मला कुस्ती कळली ती तालमीत, जिथं कुणी बघायला नसतं.

सुरुवातीला मी २०० वर राहायचो. लांबून मोठं दाखवायचं, हीच टेलिझूमची पहिली ओढ असते. २०० वर दहा मीटर अंतरावर चौकटीत जेमतेम सहा फूट रुंदी मावते, आणि एफ ४.५ ला खोलीच्या दिशेनं फक्त सव्वादोन फुटांचा पट्टा स्पष्ट राहतो. दोन पैलवान एकमेकांना भिडले की एकाची पाठ त्या पट्ट्यात असते, दुसऱ्याचा चेहरा बाहेर. तेच ८० वर केलं तर तो पट्टा साधारण चौदा फुटांचा होतो. लेन्सच्या नळीवर हे सगळं रंगीत वक्ररेषांनी आखलेलं आहे. अपर्चरच्या आकड्याचा जो रंग, त्याच रंगाच्या दोन रेषा. झूम केलं की रबरी कडी सरकते आणि त्या रेषांमधलं अंतर आकसताना किंवा फाकताना दिसतं. आजच्या बहुतेक झूमवर हे उरलेलं नाही. मी त्या रेषा आधी नक्षीसारख्या बघायचो, तालमीत त्या नकाशासारख्या वाचायला शिकलो.

तरीही डाव हातून निसटत होते. ढाक, एकलंगी, कलाजंग पडून जायचं आणि मग माझं बोट दाबलं जायचं. मातीत लोळलेल्या अंगावर फोकस दाखवणाऱ्या रंगीत कडांचाही उपयोग नव्हता. मातीचा प्रत्येक कण त्यांना कड वाटतो आणि सगळं अंग लाल ठिपक्यांनी भरून जातं. मोठं करून बघावं तर बाकीची चौकट दिसत नाही. शेवटी मी दोन्ही बंद केलं आणि नुसतं बघायला लागलो.

वस्ताद रोज कट्ट्यावर बसलेले असत. फोटोंबद्दल ते कधी काही विचारत नसत. एका पहाटे म्हणाले, "हाताकडं बघून काय उपेग, बाळा? हात खोटं बोलत्यात. पायाकडं बघ. ज्याचा पाय जागा सोडतोय, त्योच डाव टाकणार."

मी कॅमेरा पिशवीत ठेवून बरेच दिवस फक्त पाय बघितले. खडाखडीत हात खूप काही करतात. मनगट पकडणं, मान दाबणं, पंजात पंजा अडकवणं. त्यातलं बरंचसं समोरच्याला गुंतवण्यासाठी असतं. पाय मात्र वजन पेलत असतात, त्यांना खोटं बोलायची सवड नसते. टाच किंचित उचलली जाते, माती बोटांखाली जरा दबते, मग पुढचं घडतं. हे दिसायला लागल्यावर लेन्सवरची माझी कामं आपोआप आधी व्हायला लागली. फोकस त्या पायाच्या जागेवर लावून ठेवायचा, २०० वरून १०५ च्या आसपास यायचं म्हणजे उडालेला माणूस चौकटीत मावेल, आणि थांबायचं. हातानं फोकस लावण्याचा वेग त्यानंतर माझ्या दृष्टीनं दुय्यम झाला. डाव पडण्याच्या वेळी हाताला काही करायचंच नसतं.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. तालमीतले चांगले फोटो सगळे १०५ ते १३५ च्या मधले होते, आणि तेही मी कट्ट्याच्या अगदी कडेला असतानाचे. टेलिझूम हाताशी असूनही चांगलं काम जवळ गेल्यावर होत होतं. तेव्हापासून झूमकडे मी जवळ जाण्याचं साधन म्हणून बघणं सोडलं. मी जिथं उभा आहे तिथून चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढंच तिनं ठरवावं. जवळ जायचं ते पायांनी.

रिंगणात हे सगळं पुन्हा नव्यानं शिकावं लागलं, कारण तिथं पायांनी जवळ जाताच येत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं आणि गोल रिंगणांपैकी एक सदाशिवनगरला. गोल रिंगणात मोकळ्या रानात हजारो माणसं कडं करून उभी असतात. मधल्या वाटेवरून दोन अश्व धावतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, पाठीवर कुणी नसलेला. काही क्षण अश्व नुसता दूरवरच्या धुळीत असतो आणि पुढच्या काही क्षणांत तुमच्या समोरून निघून गेलेला असतो.

इथं एका कडीची झूम कामाला आली. अश्व वळणावर येतो तेव्हा २०० वर, समोर येतो तेव्हा ८० वर, आणि या मधल्या वेळात डाव्या हाताची एकच हालचाल. सरकवता सरकवता मनगट जरासं वळतं आणि फोकसही सोबत जवळ येतो. दोन कड्यांच्या लेन्सवर हे दोन वेगळ्या हालचालींत होतं. सवय झाल्यावर ही हालचाल हात स्वतः करतो. पण त्यावर मी फार विसंबत नाही. माझा भरवसा जागेवर असतो. वाटेवर आधीच्या फेरीत उमटलेला टापेचा एक ठसा निवडायचा, त्यावर फोकस लावून एफ ८ करायचं, शटर हजाराव्या भागावर, आणि अश्वाकडे बघतच राहायचं. त्याची टाप त्या ठशाजवळ आली की दाबायचं. २०० वर एफ ८ ला दहा मीटरवर चार फुटांचा पट्टा मिळतो. त्यात अश्वाचं डोकं आणि छाती धारदार राहते, शेपटीकडचा भाग धुळीत विरतो. मला तसंच हवं असतं.

कुठला ठसा निवडायचा हे मला एका वयस्कर वारकऱ्यांनी सांगितलं. त्यांनी कितीतरी वर्षं एकाच दिंडीतून वारी केली होती. मी कड्याच्या आतल्या बाजूला गुडघ्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "माउली, पहिल्या फेरीला अश्व माणसं बघतो. दुसऱ्या फेरीला वाट बघतो. तुम्ही दुसऱ्या फेरीची वाट धरा." खरोखरच पहिल्या फेरीत अश्व गर्दीच्या आवाजानं बुजतो, मध्येच आत-बाहेर सरकतो. दुसऱ्या फेरीला तो एक रेघ पकडतो. मी पहिल्या फेरीत कॅमेरा डोळ्याला लावतच नाही. तेवढ्या वेळात जमीन बघतो.

रिंगण संपलं की माणसं वाटेत धावत येतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या गर्दीत फोकस लावायचा विचारही करता येत नाही. तिथं ८० आणि एफ ११ ठेवून फक्त माणसांच्या मध्ये राहायचं.

भिगवणला उजनीच्या पाणलोटावर रोहित पक्षी येतात म्हणून हौसेनं ही लेन्स तिकडेही नेली. २०० मि.मी. तिथं अपुरी पडते, आणि दुपारच्या गरम हवेची थरथर कुठल्याच काचेनं जात नाही. पक्ष्यांसाठी आजच्या लांब ऑटोफोकस लेन्स घ्याव्यात, यात मला शंका नाही.

दशावतारानं मला कानानं फोटो काढायला शिकवलं. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्री उशिरा खेळ सुरू होतो. सुरुवातीला गणपती, संकासुर वगैरे येऊन जातात आणि मग आख्यान लागतं. रंगमंचावर एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. दिवे म्हणजे हल्ली एलईडी. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर हे दिवे डोळ्याला न कळेल असे लुकलुकतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून यांत्रिक शटर, आणि शंभरावा किंवा पन्नासावा भाग. एफ ४.५ ला त्याहून वेगात जाण्याइतका उजेडही नसतो. सेन्सर माझ्या हाताची थरथर सांभाळतो, पण शंभराव्या भागात धावता राजा थांबत नाही.

मग राजा कधी थांबतो, हे शोधायला हवं होतं. मी डोळ्यांनी शोधत होतो आणि दमत होतो. पखवाज वाजवणारे मध्यंतरी चहाला बसले असताना मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तू थंय बघ नको. पखवाज आयक." त्यांनी मांडीवर बोटं आपटून दाखवलं. पात्र पडद्याआडून यायच्या आधी बोल दाट होत जातात, मग एक ठोका येतो आणि त्या ठोक्यावर नट पाय रोवून उभा राहतो. युद्धाच्या प्रसंगातही तसंच. गिरक्या चालू असतात तोवर पखवाज धावत असतो, समेवर दोघं क्षणभर जागच्या जागी असतात. त्या क्षणासाठी शंभरावा भाग पुरतो.

तेव्हापासून मी पखवाजवाल्यांच्या शेजारी, त्यांच्या उजव्या हाताला बसतो. पडद्याच्या कडेवर २०० ला फोकस लावतो, १३५ वर येतो आणि ऐकत राहतो. मिस्त्रींनी बसवलेल्या पितळी चकतीमुळे त्या दोन आकड्यांमध्ये फोकस हलत नाही. ठोका पडतो तेव्हा नट पडद्याच्या कडेपासून एक पाऊल पुढे असतो, तेवढं मनगट आधीच वळलेलं असतं. ऑटोफोकसच्या लेन्सनं यातले बरेच फोटो मिळाले असते, कदाचित जास्तच. पण मग पखवाजवाल्यांशी माझं बोलणं कशाला झालं असतं? ज्या कलाकारांची चित्रं मी इतकी वर्षं काढतोय, त्यांच्या कामाची लय मला माहीत नसतीच. एवढ्यासाठी मी काही फोटो हातचे जाऊ द्यायला तयार आहे.

कोकणातली ये-जा वाढली आणि फंगस लागला. दमट हवेत ठेवलेल्या लेन्सच्या आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पसरतात. लवकर कळलं तर पुसून निघतात, उशीर झाला तर बुरशीच्या आम्लानं काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि डाग कायमचा राहतो. आता मी लेन्स बंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मापकासह ठेवतो. पन्नास टक्क्यांच्या वर काटा गेला की जेल तापवून कोरडं करतो. फार कोरडंही चालत नाही, आतलं ग्रीस सुकतं. चामड्याच्या जुन्या पेटीत लेन्स ठेवणं तर बंदच केलं, ते चामडंच ओल धरतं.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एक जुने दुरुस्ती करणारे आहेत. एका जिन्याखालच्या अरुंद जागेत त्यांचं टेबल. त्यांनी माझ्यासमोर ही लेन्स उघडली. पुढची कडी सोडवायला रबराचा गोल ठोकळा, आतल्या खाचांना दोन टोकांचा पाना. प्रत्येक भाग सोडवण्याआधी ते सुईनं दोन्ही भागांवर मिळून एक बारीक रेघ ओढत. फोकसच्या नळीला एकाच जागी सुरू होणारा आटा नसतो, अनेक आटे शेजारी-शेजारी सुरू होतात. भलत्या आट्यात नळी गेली तर ती बसते, फिरते, सगळं ठीक वाटतं, फक्त फोकस कधीच अनंताला पोचत नाही. त्यांनी काचा पुसल्या, जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढलं, नवं लावलं. मागच्या एका काचेवर लेपाचा डाग राहिला. तो चित्रात दिसत नाही. फक्त सूर्य समोर असला की थोडा धुरकटपणा वाढतो, म्हणून मी हूड काढतच नाही.

झूमची कडी ढिली होऊन लेन्स खाली केली की घसरते, हे या जातीच्या बहुतेक लेन्सचं दुखणं आहे. आतली फेल्टची पट्टी झिजते. मी सायकलच्या ट्यूबचा एक काप कडीच्या शेवटाशी चढवायचो, त्यानं काम भागायचं. त्या दुरुस्तीत फेल्टही बदललं गेलं आणि ट्यूबची गरज उरली नाही.

हल्ली तरुण मुलं-मुली जुन्या मॅन्युअल लेन्स घ्यायच्या आधी मला विचारतात. मी त्यांना सांगतो: मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघा. काचांवर धूळ असली तरी हरकत नाही, जाळं किंवा दुधाळपणा नको. अपर्चरची पाती कोरडी हवीत, त्यांवर तेल चमकलं तर ठेवून द्या. २०० ला फोकस लावून ८० ला या, हलला तर आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. आणि कशाचे फोटो काढणार ते ठरवा. त्या विषयातल्या माणसांजवळ बसायला वेळ नसेल, तर या लेन्सच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला ती नुसती अवघड वाटेल. वेळ असेल, तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा घरच्या कपाटात निघालेली, मोडक्या पेटीतली एखादी लेन्सही तुम्हाला पुरेल.

बोरा बाजारातल्या त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या नजरेला आता त्रास होतो. त्यांच्या हाताखालचा मुलगा मोबाइल दुरुस्तीला लागलाय, त्यात पैसा आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मुंबईला गेलो की मी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसतो. ते सांगतात तसा कुठला स्क्रू आधी, कुठली रेघ कुठे, याचा क्रम मी माझ्या त्याच वहीत चित्रं काढून लिहितो. पुढची कडी आणि फेल्टपर्यंत मी आता स्वतः जातो. पावसाळा संपला की लेन्स घेऊन या, मागच्या काचांचा गट यंदा तुम्ही उघडायचा, असं त्यांनी सांगितलंय.